चार इंच चिंदी

खंडेनवमीला आमच्या घरी देवापुढे जी हत्यारे मांडली जात, त्यांत तलवार नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी तलवार यावी कोठून? पाटावर विळा, खुरपे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आजीची विळी आणि तिचा अडकित्ता एवढी मांडामांड असे. आणि या सर्वांच्या मध्ये, फलालिनीच्या एका जुनाट तुकड्यावर, बोटाएवढी एक पितळी कुपी आणि पितळेचाच एक बारीक, लांबट वजनाचा तुकडा. झेंडूचे पहिले फूल त्या कुपीवर वाहिले जाई. नंतर फाळावर.

मी पाच-सहा वर्षांचा असताना ती अत्तराची कुपी आहे असे समजत होतो. एकदा कोणाचे लक्ष नाही असे पाहून मी तिचे झाकण फिरवले आणि आत नाक घातले. वास अत्तराचा नव्हता. तेवढ्यात मागून आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, आवाज आला : "लेका, ते रायफलीचं तेल हाय. त्याला नाक न्हाई लावायचं, बोट लावायचं. आन् ते बी एकच."

आबा १९१२ साली मराठा पलटणीत भरती झाले होते. त्यांच्या तोंडून लढाईच्या गोष्टी फार थोड्या ऐकायला मिळाल्या. पण बंदूक पुसायची कशी, हे मात्र त्यांनी मला इतक्या वेळा सांगितले की, बंदूक हातात येण्याआधी दहा वर्षे मला ते पाठ होते. बंदुकांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. बंदूक पुसणाऱ्या गजाचा, चिंदीचा आणि तेलाच्या कुपीचा इतिहास लिहिण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. यंदाच्या दिवाळीत तो उद्योग मी करणार आहे. फराळाचे ताट शेजारी घेऊन वाचायला हरकत नाही. हात तेलकट झाले तर ते विषयाला धरूनच होईल.

गोष्टीची सुरुवात काळ्या दारूपासून करावी लागते. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही दारू पेटली की तिचा सगळा धूर होतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात जळलेल्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपातच मागे उरतो. त्यातला काही धुराबरोबर बाहेर पडतो आणि बाकीचा नळीच्या आत काजळीसारखा बसतो. ही काजळी हवेतले पाणी ओढून घेते, ओली होते, तिला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि ती लोखंड खाऊ लागते. पाच-दहा बार झाले की नळी इतकी चोंदते की पुढची गोळी आत उतरत नाही. मग बंदूक म्हणजे नुसती महागडी काठी. म्हणून बंदुकीबरोबर बंदूक साफ करण्याचे साधनही जन्माला आले, किंबहुना दोघांचा जन्म जुळ्यांसारखाच झाला.

आपल्याकडची तोड्याची बंदूक पाहा. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात किंवा अशाच एखाद्या संग्रहालयात गेलात तर कलाकुसरीच्या दारूच्या शिंगड्यांपुढे बायकामुले थबकतात, तलवारींपुढे पुरुष थबकतात. मी थबकतो ते बंदुकीच्या कानापुढे. नळीच्या बाजूला जे बारीक भोक असते त्याला कान म्हणत. बाहेरच्या रंजकाची ठिणगी त्यातून आत जायची. हे भोक बुजले की बाहेर भडका उडे आणि आत काहीच होत नसे. म्हणून पुष्कळ देशी बंदुकांना कानाजवळच साखळीने एक सुई अडकवलेली असते आणि ती खोवून ठेवायला दस्त्यावर एक छोटीशी नळकांडी असते. ज्या कारागिराने ती साखळी लावली त्याला माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक असला पाहिजे. खिशात ठेवलेली सुई ऐन वेळी सापडत नाही. बंदुकीलाच बांधलेली सुई हरवायची म्हटले तर बंदूक हरवावी लागते! विलायती शिपायांच्या छातीवरच्या पट्ट्यालाही पुढे हीच जोडी लोंबताना दिसते : एक सुई आणि रंजकाची वाटी झाडायचा एक बारीक कुंचला, दोन्ही पितळी साखळीला.

नळीखाली खोवलेला गज हे दुसरे साधन. बार ठासायला तो हवाच; त्याच्या टोकाला चिंधी गुंडाळली की पुसायलाही तोच. पूर्वी हा गज लाकडी असे आणि घाईत मोडे. प्रशियाच्या फौजेत अठराव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात लोखंडी गज आला आणि १७४१ मध्ये मोलवित्झच्या लढाईत प्रशियन पायदळाने ज्या झपाट्याने बार काढले, त्याचे थोडे श्रेय इतिहासकार या गजाला देतात. पण लोखंडी गजाबरोबर नवे दुखणेही आले. लोखंडावर लोखंड घासले की नळीचे तोंड झिजते, आणि नळीचे तोंड हाच तर गोळीचा उंबरठा. तेथे ठेच लागली की गोळी वाकडी जाते. साफ करण्याच्या साधनानेच बंदूक बिघडते, हे पहिल्यांदा ध्यानात आले ते असे. ते पुन्हा पुन्हा विसरलेही गेले. इंग्रज पलटणींत पूर्वी बंदुकीच्या नळ्या आरशासारख्या चकचकीत ठेवण्याचा हट्ट असे. शिपाई विटेची पूड घेऊन नळ्या घासत बसत आणि शत्रूच्या गोळीने झाले नसते तेवढे नुकसान या घासण्याने होई. पुढे नळ्यांना तपकिरी रंग चढवू लागले तेव्हा कोठे तो छळ थांबला.

आमच्या मराठी राज्यात या विषयाचा विचार झालाच नव्हता असे कोणी समजू नये. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे. त्यातले दुर्गांचे प्रकरण मी प्रथम वाचले ते शाळकरी वयात, आणि तेव्हा कंटाळलो होतो, कारण त्यात लढाई नव्हती. आता तेच प्रकरण मला सगळ्या ग्रंथात गोड वाटते. पावसाळ्यात गडावरच्या तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने बुजवावेत, वरून आच्छादने घालावीत, असे अमात्य बजावतात. दारूखाना घरांपासून दूर असावा आणि हवालदाराने ठरल्या दिवसांनी दारू व बाण बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मोहोर करून ठेवावेत, हेही सांगतात. सह्याद्रीच्या माथ्यावरचा आषाढ ज्याने पाहिला आहे त्याला यातल्या एकेका शब्दाची किंमत कळेल. चार महिने भिंतींना पाझर फुटतो, मीठ वितळते, चामड्यावर बुरशी धरते. त्या हवेत लोखंड टिकवायचे म्हणजे शत्रूशी लढण्याइतकेच चिकाटीचे काम होते, आणि ते करणाऱ्याच्या नावाने पोवाडा कोणी रचत नाही.

माझा एक समज आहे. तो मी कोठे वाचलेला नाही, पण मला तो पटतो. मराठी फौजा पावसाळा घरी काढीत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. चार महिने खुंटीवर टांगलेली शस्त्रे उतरवून, घासून, तेल लावून ठेवण्याला याहून सोयीचा दिवस कोणता? पूजा करायची तर हत्यार आधी स्वच्छ करावे लागते. पूजेच्या निमित्ताने का होईना, गंज निघे. कोडगूमधले कोडव लोक सप्टेंबरात कैलपोळ्दच्या सणाला बंदुका फुलांनी सजवून पुजतात; तेथेही पूजेआधी फडके फिरतेच.

आता १८५७ कडे येऊ. काडतुसांना लावलेल्या चरबीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. पण ती चरबी तेथे होतीच कशासाठी, हा प्रश्न मला कोणा गुरुजींनी विचारला नाही, आणि मीही त्यांना विचारला नाही. १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीच्या नळीत आतून पेच होते. गुळगुळीत नळीपेक्षा या पेचांत काजळी अधिक घट्ट बसते, आणि गोळी तर नळीला जवळजवळ चिकटून जाणारी. तेव्हा कागदी काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला वंगण लावीत : गोळी सहज उतरावी आणि आधीच्या बाराची काजळी मऊ पडून निघून जावी, एवढ्यासाठी. म्हणजे ती चरबी हे एक प्रकारे नळी साफ ठेवण्याचेच साधन होते. जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या छावणीत ती कशाची आहे याची कुजबूज सुरू झाली. २९ मार्चला बराकपुरात मंगल पांडे उभे राहिले. २४ एप्रिलला मीरतच्या तिसऱ्या घोडदळातल्या ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे घेण्याचे नाकारले आणि १० मेला भडका उडाला. मेण आणि वनस्पतीचे तेल वापरूनही ते काम होण्यासारखे होते, तशी मुभा मागाहून दिलीही गेली. पण विश्वास एकदा उडाला की तेल कशाचे आहे हे सांगून उपयोग नसतो. उठावाची कारणे पुष्कळ आणि खोल होती, हे मला ठाऊक आहे. तरीही नळीतल्या काजळीवर काढलेला एक उपाय इतक्या मोठ्या वणव्याची ठिणगी ठरला, याचे मला आजही नवल वाटते. आणखी एक मौज अशी की, चरबी लावूनही त्या रायफली उन्हाळ्यात चोंदतच होत्या. शेवटी गोळीचाच व्यास इंचाच्या.५६८ वरून .५५० वर आणावा लागला.

पुढे बिनधुराची दारू आली, काडतूस मागून भरू लागले, आणि लोकांना वाटले की साफसफाईचा जाच संपला. संपला नाही, त्याने रूप पालटले. ली-मेटफर्ड रायफलीचे उथळ पेच कॉर्डाइटच्या उष्णतेने भराभर झिजू लागले म्हणून १८९५ मध्ये खोल पेचांची ली-एनफील्ड आली. १८९९ च्या सुधारणेत नळीखालचा गज काढून टाकला आणि त्याच्या जागी आले ते आमच्या आबांचे दैवत : पुलथ्रू. आबा त्याला 'फुलतुरा' म्हणत. पलटणीतले सगळेच म्हणत असावेत.

फुलतुरा म्हणजे एक घट्ट वळलेली दोरी. एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाकडे तीन फासे. वजन नळीत मागच्या तोंडाने सोडायचे, ते आपल्या भाराने पुढच्या तोंडाशी बाहेर येते, मग दोरी ओढायची. वजनाकडून पहिला फासा तारेच्या जाळीसाठी. ती फार गंज असेल तरच, एरवी तिला हात लावायचा नाही. दुसऱ्यात फलालिनीची चिंदी, चार इंच लांब आणि दोन इंच रुंद. तेल द्यायचे असेल तेव्हा दीडच इंच रुंद. तिसरा फासा रिकामा. तो अडीअडचणीसाठी. चिंदी नळीत अडकली तर त्या फाशात दुसरी दोरी ओवून सगळे उलटे बाहेर काढता यावे, म्हणून तो ठेवलेला. ओढताना एका दमात ओढायचे, मध्ये थांबायचे नाही, आणि दोरी नळीच्या सरळ रेषेतच ठेवायची. ती तिरपी ओढली तर नळीच्या तोंडाला घासते. विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोराने जशा खाचा पडतात तशाच पोलादालाही पडतात, आणि त्या रायफलीचा नेम कायमचा जातो.

आणि हे सगळे ठेवायचे कोठे? दस्त्यात! दस्त्याच्या तळाला पितळी झडप, तिच्यामागे पोकळी. आत आधी तेलाची कुपी, मग गुंडाळलेली दोरी, वजन अशा बेताने वर की अंधारातही बोटाला लागावे. ही कल्पना जुनीच. जर्मन शिकाऱ्यांच्या रायफलींच्या दस्त्यात अठराव्या शतकातही सरकत्या झाकणाची खोबण असे, आणि १८०० सालच्या इंग्रजी बेकर रायफलीलाही पितळी झाकणाची डबी होती. तोड्याच्या बंदुकीच्या साखळीतले शहाणपण येथेही आहेच : साधन बंदुकीपासून दूर जाऊ द्यायचे नाही. कुपीच्या झाकणाला आतून एक इवलासा चमचा जोडलेला, थेंब काढायला. आणि तेल गळू नये म्हणून चामड्याची चकती. तेलाच्या बाबतीत शिपाई आणि शेतकरी यांच्यांत मोठे अंतर आहे. आमच्याकडे कोयत्याला खोबरेल नाहीतर करडईचे तेल फासतात. कोयत्याला ते चालते, पण बंदुकीच्या खटक्यात ते काही महिन्यांनी चिकट होते आणि वार्निशासारखे बसते. म्हणून इंग्रजी फौजेत एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशातले खनिज तेल वापरीत; त्याला रंगून तेलच म्हणत.

परंतु तेलाचीही एक मर्यादा होती, आणि ती कळायला बराच काळ गेला. बार काढल्यावर नळी नीट पुसून, तेल देऊन ठेवली तरी दोन दिवसांनी ती आतून 'घामेजते' आणि गंज धरतो, असा सगळ्या फौजांचा अनुभव. दोष कॉर्डाइटच्या आम्लाला दिला जाई. १९२२ मध्ये अमेरिकेच्या खाण खात्यातल्या विल्बर्ट हफ यांनी खरा चोर पकडून दिला. काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते उडाले की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे आपल्या मिठाचे सख्खे भावंड. मीठ तेलात विरघळत नाही. वर तेलाचा थर दिला की ते खाली सुखाने बसून राहते आणि हवेतला ओलावा ओढते. ते पाण्यातच विरघळते. म्हणून कढत पाणी! नळीच्या मागच्या तोंडाला पत्र्याचे नाळके लावून उकळते पाणी ओतायचे. त्याने मीठही जाते आणि तापलेली नळी आपोआप सुकतेही. मग चिंदी, मग तेल. शिपायांना पाणी आधीपासून ठाऊक होते, कारण काळ्या दारूची काजळीही पाण्यानेच निघे. कारण कळले ते मागाहून. १९२८ च्या सुमारास जर्मनीत न गंजवणारी टोपी निघाली, आणि हळूहळू कढत पाण्याचे काम कमी झाले.

येथे माझी फजिती सांगतो. १९६२ च्या चीनच्या आक्रमणानंतर कॉलेजात एन. सी. सी. सक्तीची झाली होती. मी १९६४ मध्ये दाखल झालो. पहिल्याच गोळीबारानंतर रायफली पुसायला बसलो. माझ्या मनात घमेंड ही की, हे काम मला सगळ्या वर्गात अधिक येते. चिंदी पातळ वाटली म्हणून मी दोन घेतल्या. अर्ध्या नळीत फुलतुरा असा रुतला की दोघांनी ओढला तरी हलेना. तिसरा जोर लावायला पुढे सरसावला, तोच उस्ताद आले. मला वाटले, आता मैदानाला दहा चकरा. त्यांनी काही न बोलता थोडे तेल सोडले, दुसऱ्या पुलथ्रूची दोरी तिसऱ्या फाशात ओवली आणि सावकाश उलटी ओढून सगळे बाहेर काढले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "चिंदी एक. समझे? दोरी टूट जाती तो राइफल वर्कशॉप जाती, और तुम उसके साथ." सुट्टीत घरी आल्यावर मी हे आबांना सांगितले. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्या रात्री, बहुधा हसण्याच्या भरात, त्यांनी कूतची गोष्ट सांगितली. मी ती एकदाच ऐकली.

मेसोपोटेमियात पुण्याची सहावी डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली बगदादच्या रोखाने गेली, नोव्हेंबर १९१५ मध्ये तेसिफोनला अडली आणि मागे फिरून तैग्रिस नदीच्या वळणातल्या कूत या गावात कोंडली गेली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तेथे होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. तोवर वाळूशी झुंज होती. वाळवंटात तेल जास्त झाले की वाळू चिकटते आणि खटका कानशीसारखा घासतो, म्हणून कोरडे पुसायचे, खटक्यावर कापडी टोपण घालायचे. जानेवारीत नदीला पूर आला, खंदकांत पाणी भरले, आणि वाळूच्या जागी चिखल आला. पोटाला दिवसेंदिवस कमी मिळू लागले. फलालीन संपली तेव्हा आबांनी मुंडाशाचे टोक फाडून चिंद्या केल्या. "पर मापात," ते म्हणाले. "चार इंच. बोटानं मापून."

शरणागतीच्या दिवशी हुकूम आला की शत्रूच्या हाती कामाचे काही लागू द्यायचे नाही. तोफा फोडल्या गेल्या. आबांच्या तुकडीने रायफलींचे बोल्ट काढून नदीत टाकले. आबा सांगत होते : "साडेतीन वर्सं रोज पुसलेला बोल्ट. त्या दिवशी सकाळी बी पुसला व्हता. हुकूम यायचा हाय हे ठावं व्हतं सगळ्यास्नी, तरी पुसला. पान्यात टाकला तर आवाज बी न्हाई झाला." रायफलीचा दस्ता दगडावर आपटण्याआधी त्यांनी झडप उघडली आणि आतले सामान काढून सदऱ्यात घातले. का, ते त्यांना सांगता आले नाही.

सुमारे १३,००० माणसे कैद झाली. त्यांतले पुष्कळसे हिंदी शिपाई रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर धाडले गेले, आणि वाटेत व तेथे हजारो मेले. पहारेकऱ्यांनी आबांचे घड्याळ घेतले, पट्टा घेतला, चांगला सदरा घेतला. काळी पडलेली दोरी आणि तेलकट कुपी कोणाला नको होती. चालता चालता बुटाचा तळ सुटला तेव्हा आबांनी तो फुलतुऱ्याच्या दोरीने बांधला, आणि ती दोरी झिजून तुटेपर्यंत ते चालले. वजन उरले. कुपीतले तेल त्यांनी टाचेच्या भेगांना लावले. १९१९ मध्ये ते घरी आले तेव्हा आजीने त्यांना ओळखले नव्हते, असे आजी सांगे. आबा १९६७ साली गेले.

त्यांच्या जुन्या पलटणी १९२२ मध्ये पाचव्या मराठा रेजिमेंटमध्ये एकवटल्या आणि बेळगाव तिचे ठाणे झाले. मी स्वतः फौजेत गेलो नाही. बँकेत नोकरी केली. पण कोकणात बदली असताना पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारे काही शेतकरी माझ्या ओळखीचे झाले, आणि आबांचे पाठ मी त्यांच्यापुढे म्हणून दाखवीत असे. बंदूक चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका. चामडे ओल धरते. नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबू नका. आतली हवा कोंडते, गंज चढतो, आणि विसरून बार काढलात तर नळी फाटते. गज घेताना एकसंध घ्या, तुकडे जोडलेला नको. सांध्यांच्या कडा नळी ओरबाडतात. गज भिंतीला टेकवून ठेवलात तर वाकतो, उभा टांगा. कुंचला नळीत मध्येच उलटा फिरवू नका, पार बाहेर जाऊ द्या. आणि वापरल्यावर धुऊन ठेवा, नाहीतर नळी साफ करायचे औषध कुंचल्याच्या पितळी तारांनाच खाते. स्वच्छ चिंद्या आणि मळक्या चिंद्या यांचे डबे निराळे. आणि हे सारे करण्याआधी बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा. ऐकणारे मान डोलवीत. एकाने मात्र मला विचारले, "साहेब, तुमच्याकडे बंदूक कुठली?" माझ्याकडे बंदूक कोठली असणार!

आता माझी नात पुण्यात दहा मीटर हवेच्या रायफलीचा सराव करते. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत ही नावे तिला पाठ होतीच. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवले त्या दिवशी तिने घरात पेढे वाटले. तिच्या रायफलीत दारू नाही, काजळी नाही, मीठ नाही. आठवड्यातून कधीतरी नमद्याच्या दोन गोळ्या नळीतून जाऊ द्यायच्या, की झाले. तिचे सामान एका निळ्या डबीत असते. प्रत्येक वस्तूला फोममध्ये तिच्या आकाराचा खळगा. डबी रायफलीच्या पेटीतच राहते. मी विचारले तर म्हणाली, "वेगळी ठेवली तर घरी राहते ना, आजोबा."

यंदाच्या खंडेनवमीला तिने विचारले, या कुपीत काही आहे का? झाकण पंचवीस-तीस वर्षांत उघडलेले नव्हते आणि माझ्या हातांत आता जोर नाही. तिने केस वाळवायच्या यंत्राने कुपी शेकवली आणि फडक्यात धरून फिरवली. चामड्याच्या चकतीचा भुगा पाटावर पडला. आतला चमचा शाबूत होता, आणि त्याच्या टोकाला काळसर काहीतरी वाळून बसले होते. तिने नाक पुढे केले. मी म्हणालो, "नाक नाही लावायचं, बोट लावायचं."

तिने एकच बोट लावले. मग कुपी पुसून, झाकण बसवून, तिने ती आपल्या निळ्या डबीशेजारी पाटावर ठेवली आणि झेंडूचे फूल कोणावर आधी वाहायचे म्हणून माझ्याकडे पाहिले.